दुष्काळात टिनाच्या शेडमधी लाइटखाली पिकवून गाव जगवता येईल का?

दारव्ह्याचा_पोट्टा :
सगळ्यायले नमस्कार. आमचं गाव दारव्हा तालुक्यात हाय, जिल्हा यवतमाळ. सगळी कोरडवाहू जमीन, पराटी म्हणजे कापूस, सोयाबीन आन् मधात तुरीचे तास. गावात आमच्या काकाची जुनी जिनिंगची शेड हाय, साठ बाय तीस फूट, टिनाचं छत, बऱ्याच वर्षांपासून रिकामीच पडून हाय. आम्ही आठ-दहा पोरं आन् बचत गटाच्या बाया मिळून ईचार करून रायलो का तिथं व्हर्टिकल शेती चालू करावी, म्हणजे रॅकवर रॅक, पाइपातून पाणी फिरते, वरून एलईडी लाइट, माती नाईच.

धंदा म्हणून नाई विचारून रायलो हे आधीच सांगतो. आमचा प्रश्न खाण्याचा हाय. समजा लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले, रेशन वेळेवर नाई आलं, बाजारात भाव चढले, तर चाळीस घरं या शेडवर निघतील का? एक सेटअपवाले आले होते, त्यायनं पंधरा लाखाच्या वरचा आकडा सांगतला आन् म्हणे पाणी नव्वद टक्के कमी लागते, बारा महिने पीक, गहू-ज्वारीबी निघते. पाण्याचं ऐकून आमचे सगळे खुश झाले कारण आमच्याकडं एप्रिल लागला का टँकर. पण गहू-ज्वारीचं माह्या मनाले पटून नाई रायलं. कोणी खरंच केलं असंन किंवा हिशेब माहीत असंन तर सांगजा, गटाचे पैसे टाकायच्या आधी समजून घ्यायचं हाय.

डीपी_फ्यूज_वर्धा :
भाऊ, पैसे टाकायच्या आधी विचारलं हे लय चांगलं केलं. मी लाइनचं काम करतो त्यामुळं विजेच्या बाजूनं सांगतो, आन् हा हिशेब तुम्ही स्वतः कागदावर करून पाहा, माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही.

लाइटखाली गहू निघतो का, तर निघतो. अमेरिकेत युटा राज्याच्या विद्यापीठात बगबी आणि सॅलिस्बरी या दोघांनी बंद खोलीत गहू घेऊन पाहिला, अंतराळात माणसं राहिली तर काय खातील यासाठीचं ते काम होतं, १९८८ ला छापून आलं. त्यांना एका चौरस मीटरमधून दिवसाला ६० ग्रॅम दाणा मिळाला, हे उत्पादन आपल्या वावरातल्या गव्हाच्या कितीतरी पट आहे. पण त्यासाठी भर दुपारच्या उन्हाएवढा उजेड रोज वीस तास द्यावा लागला. आजचे एकदम चांगले एलईडी घेतले तरी एवढा उजेड पाडायला चौरस मीटरमागं दिवसाला १३ युनिटच्या वर जाळावे लागतात. म्हणजे एक किलो गव्हाला दोनशे-सव्वादोनशे युनिट. आठ रुपये युनिट धरा, सतराशे रुपयांच्या वर फक्त लाइटचा खर्च, आणि हे जगातल्या उत्तम प्रयोगाचे आकडे आहेत, आपल्या शेडमध्ये तेवढं येणार नाही.

आता तुमची चाळीस घरं. पाच माणसांच्या घराला महिन्याला ५० किलो धान्य धरू. चाळीस घरांचे दिवसाला ६७ किलो होतात. त्याला रोजचे जवळपास पंधरा हजार युनिट, म्हणजे चोवीस तास सरासरी सहाशे किलोवॅट लोड. गावात जी डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, असते ती ६३ नाहीतर १०० केव्हीएची. तर १०० च्या सहा-सात डीप्या फक्त तुमच्या शेडसाठी पाहिजे, आणि आपल्याकडं एक जळाली तर बदलून यायला किती दिवस लागतात ते तुम्हाला माहीत आहे. दुष्काळात तर अजूनच, कारण सगळ्यांचे मोटरपंप खोल पाण्यावर ओढत असतात.

आणि ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. सहाशे किलोवॅटचं हीटर टिनाच्या शेडमध्ये, बाहेर मे महिन्यात ४५, गव्हाला पाहिजे वीस-बावीस. घरात लावतो तो दीड टनाचा एसी, तसे शंभराच्या वर लागतील. त्यांचं बिल मी अजून धरलंच नाही.

सोलरचं कोणीतरी म्हणेलच म्हणून तेही सांगतो. एक किलोवॅट पॅनल आपल्याकडं वर्षभराची सरासरी काढली तर दिवसाला चार युनिट देतो. पंधरा हजार युनिटला साडेतीन मेगावॅटच्या वर प्लांट लागतो, पंधरा एकराच्या आसपास नुसते पॅनल आणि करोडो रुपये. चाळीस घरांचं वर्षाचं धान्य २४० क्विंटल होतं, एकरी आठ क्विंटल ज्वारी धरली तर तीस एकरात निघतं, तेही पावसाच्या पाण्यावर. तीस एकर तुमच्या गावात नाहीत का?

मला वाटतं मुद्दा इथंच आहे. रॅकवर रॅक लावून वाचते ती जागा. जिथं जागाच नाही तिथं त्याला अर्थ आहे. तुमच्या शेडमध्ये सात मजले रॅक लावले तर जागेच्या हिशेबात गहू बसतोसुद्धा, बसत नाही ती वीज. आपल्या गावात जागा कमी नाही, कमी आहे ते पाणी, पैसा आणि भरवशाची वीज. जे आपल्याकडं भरपूर आहे ते वाचवायला जे नाही ते जाळायचं, हे मला पटत नाही.

हिरवापाला_नागपूर :
वरचा हिशेब धान्यापुरता बरोबर आहे, पण त्यावरून सगळंच मोडीत काढू नका. मी स्वतः हे करतो, एका बंद खोलीत आणि बाजूला नेटखाली, लेट्यूस, बेसिल, थोडा पालक, नागपुरातल्या हॉटेलांना माल जातो.

पाणी कमी लागतं हे खरं आहे, पाइपातून तेच पाणी परत टाकीत येतं, मातीत मुरत नाही, त्यामुळं पालेभाजीला वावराच्या तुलनेत खूपच कमी पाणी पुरतं. पण सेटअपवाले जे सांगत नाहीत ते मी सांगतो. पालेभाजीत पोट भरण्यासारखं काही नसतं. १०० ग्रॅम पालकात पंचवीसच्या आसपास कॅलरी, म्हणजे राबणाऱ्या माणसाला लागणाऱ्या २४०० कॅलरी पालकातून घ्यायच्या तर रोज दहा किलो खावा लागेल. तेच ज्वारी सातशे ग्रॅम. त्यामुळं उपासमारीत हे उत्तर नाही. जीवनसत्त्वं, लोह, बाळंतीण आणि लहान लेकरांचं खाणं यासाठी पालेभाजी लागतेच, तेवढ्यापुरतं म्हणत असाल तर चर्चा करू.

दुसरं, मोठमोठ्या कंपन्यांचं काय झालं ते पाहा. अमेरिकेत एरोफार्म्सनं जून २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, बावरी २०२४ च्या नोव्हेंबरात बंद पडली, प्लेंटीनं मार्च २०२५ मध्ये अर्ज केला. यांच्याकडं हजारो कोटींचं भांडवल होतं, हुशार माणसं होती, आणि विकत होते महागडा हिरवा पाला, धान्य नाही. तरी जमलं नाही. कारण शेजारच्या वावरात तेच पीक फुकटच्या उन्हात येतं.

माझंही खरं सांगायचं तर बंद खोलीतला माल हॉटेलचा रेट आहे म्हणून परवडतो. दुष्काळात हॉटेल लेट्यूस घेणं सगळ्यात आधी बंद करेल. नेटखालचा भाग मात्र टिकतो, कारण तिथं लाइट लागत नाही, फक्त पंप. तुम्हाला करायचंच असेल तर शेड सोडा, शेडच्या बाजूच्या मोकळ्या जागेत हिरवी नेट लावा, वाफे करा, ठिबक टाका. पाइपवाली सिस्टम केलीच तर एक गोष्ट लक्षात ठेवा, त्यात मुळांजवळ पाण्याचा पातळ थर असतो, उन्हाळ्यात पंप दोन-तीन तास बंद राहिला की सगळं कोमेजतं आणि परत उभं राहत नाही. माती निदान दोन-चार दिवस धरून ठेवते.

दारव्ह्याचा_पोट्टा :
वर्धावाले भाऊ, तुमचा हिशेब मी रात्रीच गटाच्या बैठकीत वाचून दाखवला, सगळे चुपचाप झाले. डीपीचं ऐकून तर आमच्या लाइनवरचे लोक लगेच समजले. नागपूरवाले दादा, तुमचंबी पटलं. मंग या शेडचं करावं काय? आन् एक शंका, पाण्याचं म्हटलं तर बोअरचं पाणी चालते का त्या पाइपाले?

खारपाणपट्टा :
पोरा, पाण्याचं मी सांगतो. मी दर्यापूरकडचा. आमच्या इकडं अमरावती, अकोला, बुलढाणा या पूर्णेच्या पट्ट्यात जमिनीतलं पाणीच खारं हाय. बोअर मारला तर पाणी लागते पण ते पराटीले देल्लं तरी जमीन चोपण होते. तुह्या त्या पाइपाच्या शेतीत पाण्यात खत घोळून द्या लागते, म्हणजे पाण्यात आधीच मीठ असलं तर खत टाकाले जागाच नाई उरत, पान कडानं जळते. मंग आरओ लावा, आरओ अर्धं पाणी फेकून देते. दारव्ह्याकडं एवढं खारं नसंन पण बोअरचं पाणी तपासल्याबिगर एक रुपया लावू नोको. आन् ते खतबी पाहाय, कॅल्शियम नायट्रेट, एकोणीस-एकोणीस, पोटॅश, हे सारं बाहेरून येते, पोटॅश तं आपला देश पूर्णच बाहेरून आणते. ज्या वर्षी धान्याची टंचाई असंन त्या वर्षी हे बरोबर वेळेवर भेटंन असं धरून चालू नोको.

आता टंचाईचं. मी १९७२ च्या दुष्काळात लहान होतो. मिलो खाल्ली हाय, ते लाल अमेरिकेची ज्वारी, आन् कामावरची सुकडी. रोजगार हमीचं काम त्याच काळात उभं राह्यलं, लोकायनं खडी फोडली, तलाव खोदले आन् त्या मजुरीवर घर चाललं. तवा जे समजलं ते हे का धान्य कुठंतरी असतेच, ते घ्याले खिशात पैसा नसते. बंगालात १९४३ ले तीसेक लाख माणसं मेली, अमर्त्य सेन यायनं त्याच्यावर अभ्यास करून हेच दाखवलं का त्या साली धान्याचा साठा काही एकदम संपला नोता, भाव चढले आन् मजुराची, कोळ्याची घ्यायची ऐपत गेली. तुह्या गावातबी तेच होईन. तुह्या गावात सोयाबीन, कापूस हे सारं विकाचं पीक हाय. खाचं काय हाय? थोडी तूर. बाकी गहू-तांदूळ रेशनचा नाई तं दुकानाचा.

आमच्या लहानपणी वावरात अर्धी ज्वारी असे. घरात पेव असे, जमिनीत खोदलेलं, त्यात कडबा-भुसा लावून ज्वारी भरत, दोन-दोन वर्षं निघे. कडबा ढोराले. आता कोणी ज्वारी लावत नाई, आन् काहून लावत नाई तेबी खरं हाय, पाखरं दाणा ठेवत नाई, रोही म्हणजे नीलगाई आन् डुकरं रात्रीतून वावर साफ करते, कापणीच्या वक्ताले पाणी आला का कणीस काळं पडते, भाव नाई, मजूर भेटत नाई. एकटा लावला तं सारे पाखरं त्याच्याच वावरात. पण गावानं एका पट्ट्यात मिळून वीस-तीस एकर लावली तं पाखरं वाटले जातात, राखण पाळीनं करता येते. तुमी आठ-दहा पोरं हाय, तुमचं काम ते हाय. लाइट लावून शेडमधी उभं राह्यापेक्षा वावरात मचाण बांधून राखण करा.

मास्तर_चिखली :
एक बाजू मांडतो. समजा पाऊस नाही, ऊनच कमी झालं तर? हे कल्पनेतलं नाही, १८१५ ला इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि राखेमुळं १८१६ ला युरोप-अमेरिकेत उन्हाळा आलाच नाही, पिकं गेली, लोक उपाशी राहिले. तसं काही झालं तर बंद खोलीतल्या शेतीचा उपयोग नाही का?

डीपी_फ्यूज_वर्धा :
मास्तर, प्रश्न योग्य आहे पण तेव्हाही युनिटचा हिशेब बदलत नाही, एक किलोला दोनशे युनिट तेवढेच लागणार, आणि ऊन कमी झालं तर सोलर आणखी कमी देणार. अशा वेळी साठवलेलं धान्यच कामी येतं. उजेड न लागणारं खाणं म्हणजे अळिंबी, पण तिलाही कुटार, म्हणजे पिकाचा भुसा, लागतं आणि कुटार उन्हातच तयार होतं.

बचतगट_साकोली :
अळिंबीचं नाव निघालं म्हणून लिहिते. आमचा गट साकोलीकडं धिंगरी करतो, म्हणजे ऑयस्टर मशरूम. दादा, तुमच्या शेडला लाइटची शेती जमणार नाही पण धिंगरी जमेल, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात. आमच्याकडं धानाचं तनीस, म्हणजे पेंढा, असतं, तुमच्याकडं सोयाबीनचं कुटार आणि गव्हांडा. रात्रभर भिजवायचं, गरम पाण्यातून काढायचं, निथळून पिशव्यांत थरथर बी टाकत भरायचं, दोरीला टांगायचं. १०० किलो कोरड्या कुटाराला सगळं नीट जमलं तर पन्नास-साठ किलो ओली धिंगरी निघते. हवा खेळती पाहिजे, ओलावा पाहिजे, वीस ते तीस डिग्री. मार्चनंतर आम्ही बंद करतो, टिनाखाली तर फेब्रुवारीतच तापतं, त्यावर तुराट्या-पराट्या आणि गवताचं छप्पर टाकावं लागेल.

पण धिंगरीनंसुद्धा पोट भरत नाही हे आधीच डोक्यात ठेवा. नव्वद टक्के पाणीच असतं, १०० ग्रॅममध्ये तीनेक ग्रॅम प्रथिनं. भाजीला चांगली, लेकरांना चांगली. आणि दुष्काळाच्या वर्षी कुटार कुणासाठी हे गावानं आधी ठरवायचं, कारण त्याच कुटारावर ढोरं जगतात. बैलाच्या तोंडचं काढून अळिंबी लावू नका, आमच्या गटात यावरून खूप बोलणं झालं आणि शेवटी आम्ही ढोरांना न चालणारं, पावसात भिजून काळं पडायच्या मार्गावरचं तनीस वेगळं काढतो, बुरशी धरलेलं मात्र अजिबात घ्यायचं नाही.

हिरव्या भाजीसाठी एवढा खर्च कशाला करता? घरामागं मोरीच्या पाण्यावर परसबाग, त्यात शेवगा लावा. शेवगा कमी पाण्यात टिकतो, पानांची भाजी करता येते, वाळवून भुकटी ठेवता येते. पावसाळ्यात तरोटा, काटवल, केना हे तर लावायचंही काम नाही, म्हाताऱ्या बायांना विचारा, कुठं काय उगवतं त्यांना सगळं माहीत असतं, आणि पोरींना त्यांच्यासोबत पाठवा नाहीतर ते माहीत असणं त्यांच्यासोबतच जाईल. मूग-मटकीला मोड आणणं तर भांड्यात होतं, ना लाइट ना पंप.

आणि शेडचं उत्तर मला तरी सरळ दिसतं, धान्य बँक करा. आमच्याकडं धानाची आहे. सुगीत प्रत्येक घरानं एक क्विंटल ठेवायचं, जून ते सप्टेंबर ज्याला लागेल त्यानं न्यायचं, पुढच्या सुगीत थोडं वाढवून परत. व्याज पैशात घ्यायचं नाही, दाण्यातच घ्यायचं. भूमिहीन बायांनी मजुरीतून पायली-पायलीनं भरायचं, त्यांनाच आधी गरज पडते म्हणून त्यांचं नाव यादीत पहिलं ठेवायचं.

दारव्ह्याचा_पोट्टा :
ताई, हे लयच कामाचं सांगतलं. चाळीस घरं, चाळीस क्विंटल. रेशनवर कायद्यानं माणसी पाच किलो भेटते, म्हणजे पाच जणाच्या घराले पंचवीस, आन् लागते पन्नास. मंग घरामागं एक क्विंटल म्हणजे चार महिन्याची जी तूट हाय ती बरोबर भरून निघते. २०२४-२५ चा संकरित ज्वारीचा हमीभाव ३३७१ रुपये होता, त्या भावानं चाळीस क्विंटल सव्वा-दीड लाखाच्या मधात बसते. आन् तो माणूस आमाले पंधरा लाखाची गोष्ट सांगत होता. रेशनच नाई आलं तं मात्र हेच धान्य दोन महिनेच पुरंन, त्यासाठी घरामागं दोन क्विंटलवर न्या लागंन, एकदम नाई, दोन-तीन सुगीत.

आता सांगा, टिनाच्या शेडमधी ज्वारी ठेवली तं किडत नाई का? घरातली तं पावसाळ्यात सोंडे पडून पीठ होते.

बचतगट_साकोली :
वाळवण महत्त्वाचं. दाण्यातली ओल बारा टक्क्यांच्या खाली पाहिजे, दाणा दाताखाली कट्कन तुटला पाहिजे, चेपला तर अजून ऊन द्या. आम्ही आता आतून जाड प्लॅस्टिकच्या हवाबंद पिशव्या वापरतो, वरून साधा पोता. तोंड पिळून घट्ट बांधलं की आतली किड हवेवाचून मरते, पावडर, गोळ्या काही टाकावं लागत नाही. पिशवीला एकही छिद्र नको, म्हणून उंदरांचा बंदोबस्त आधी. थप्पी फळ्यांवर लावा, भिंतीपासून हातभर दूर, टिनाला टेकू देऊ नका, रात्री टिनाखाली पाणी सुटतं. पन्नास किलोचे ऐंशी पोते होतील, शेडचा एक कोपरा. बाकीच्या जागेत धिंगरी लावायची तर मधात पक्की भिंत घाला, धिंगरीचा ओलावा धान्याला लागला तर सगळं बुरशी धरेल.

खारपाणपट्टा :
आन् किल्ली एका घरी ठेवू नोका. दोन कुलपं, दोन घरं, त्यातलं एक घर ज्याच्याकडं वावर नाई त्याचं. हिशेबाची वही शाळेत नाई तं ग्रामपंचायतीत, कोणालेबी पाहता आली पायजे.

ज्वारीचं बियाणं पाहाचं असंन तं अकोल्याच्या पंजाबराव देशमुख विद्यापीठात चौकशी कर, नाई तं यवतमाळच्या कृषी विज्ञान केंद्रात. उंच वाढणारी, कडबा देणारी जात माग, बुटकी नोको, ढोराचंबी पाहा लागते. लवकर निघणारी जात घेतली तं कणीस पावसात सापडते, हे त्यायले विचारून घेजो.

दारव्ह्याचा_पोट्टा :
सोमवारी यवतमाळले जातो काका. पंधरा-सोळा घरं ज्वारीले तयार झाले, नाल्याच्या अलीकडचा पट्टा लागून लागून हाय, अठ्ठावीस एकर भरते. रोह्यासाठी तारेचं कुंपण का झटका मशीन, यावर आमच्यात वाद चालू हाय. झटका मशीन कोणी वापरलं असंन तं सांगजा, बॅटरीवर रात्रभर चालते का आन् पावसात गवत तारेले लागलं तं काय होते.

डीपी_फ्यूज_वर्धा :
चालतं, छोट्या सोलर पॅनलवर बॅटरी चार्ज होते, रात्र निघते. गवत लागलं की करंट जमिनीत जातो आणि झटका कमी होतो, म्हणून तारेखालचं गवत पंधरा दिवसांनी कापावंच लागतं. मशीन तयार, शिक्का असलेलंच घ्या, ते ठोक्याठोक्यानं झटका देतं, जनावर मरत नाही. कुणी म्हणेल डायरेक्ट लाइनवरून तार सोडू, ते कोणालाच करू देऊ नका, त्यानं दरवर्षी माणसं मरतात. नकाशा पाठवा पट्ट्याचा, तार किती लागेल ते काढून देतो.